क्लबचा इतिहास, माझ्या अक्षरात

आमच्या घराला दोन खोल्या होत्या आणि त्यातली एक क्लबची होती. असं कोणी ठरवलं नव्हतं. पण खाटेखाली चार बॉल, खिळ्याला पंप, कोनाड्यात शिट्टी, कपाटावर गोलाची जाळी आणि दोरीवर अकरा जर्स्या वाळत असल्या, की उरलेल्या जागेत आम्हा तिघांना पाहुण्यांसारखंच राहावं लागे. माझे वडील रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरीला आहेत, असं लोणावळ्याच्या रेल्वे चाळीतल्या आमच्या जागेच्या कागदावर लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ते क्लबचे सेक्रेटरी होते आणि मधल्या वेळात सिग्नल बघत. सगळे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊच म्हणायची. क्लबचं पूर्ण नाव इतकं लांब होतं, की जर्सीवर लिहायचं तर पाठीवरून सुरू करून पोटावर संपवावं लागलं असतं. म्हणून जर्सीवर काहीच लिहिलेलं नसे आणि सगळे नुसतं क्लब म्हणत.

पावसाळ्यात बॉल भिजून विटेसारखे जड व्हायचे. मग भाऊ ते चुलीच्या वरच्या फळीवर ओळीने मांडत आणि कातड्याला एरंडेल चोळत बसत. भाताला त्याचा वास लागायचा. माझी आई कार्ल्याची. आंबेमोहराच्या वासात वाढलेली. ती पानावर बसली की पहिला घास नाकाजवळ नेऊन म्हणायची, "आज कोन शिजलंय, भात का बॉल?" भाऊ ऐकलं न ऐकल्यासारखं करत. आईचं नेहमीचं दुखणं असं, की लग्न ठरवताना तिच्या वडिलांना मुलगा निर्व्यसनी आहे असं सांगितलं होतं. "फुटबॉलाचं कुनी बोललंच न्हाई," ती म्हणे.

रविवारी सामना झाला की चिखलाने माखलेली सगळी टीम आमच्याकडे जेवायला. आई कधीच सामन्याला जायची नाही, पण जिंकले तर खेकड्याचा रस्सा आणि तांदळाच्या भाकरी, हरले तर पिठलं, हा तिचा नियम होता. गंमत अशी की काय करायचं ते ती सकाळीच ठरवून टाकायची. भाऊ मोजे शोधत असताना स्वयंपाकघरातून बेसन कालवल्याचा आवाज आला की त्यांचा चेहरा पडायचा. "अगं, अजून सामना व्हायचाय," ते म्हणत. आई म्हणे, "व्हऊ द्या की. मी कुटं अडवलंय?" तिचा अंदाज क्वचितच चुकायचा. आमच्या बॅकलाईनीची तिच्याइतकी पारख पंचांनाही नव्हती.

मी पंधरा वर्षांची असताना क्लबला पन्नास वर्षं झाली. सुवर्णमहोत्सव करायचा, स्मरणिका काढायची आणि तिच्यात क्लबचा इतिहास छापायचा, असं कमिटीत ठरलं. इतिहास लिहिणार कोण, तर सेक्रेटरी. आणि सेक्रेटरींचं अक्षर असं, की रेल्वेतसुद्धा त्यांचे अर्ज परत यायचे. त्यामुळे भाऊंनी घरी येऊन माझ्यासमोर कोरी दोनशे पानी वही ठेवली आणि म्हणाले, "शकू, तुझं अक्षर मोत्यासारखं हाय. म्हाताऱ्यांना इचारायचं आणि लिहायचं. सोपं काम हाय." आज पासष्टी ओलांडल्यावर मी एवढंच सांगते, म्हाताऱ्यांना विचारून लिहायचं काम कोणी सोपं म्हणालं तर त्याला वही परत करावी. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मी वहीला खाकी कव्हर घातलं.

इतिहासाचा पाया सगळ्यांना पाठ होता. गोऱ्यांच्या काळात रेल्वेतल्या साहेबांचा एक संघ लोणावळ्यात होता. बूट, मोजे, शिट्टीवाला पंच, सगळं साग्रसंगीत. त्यांच्याविरुद्ध आमच्या मावळच्या अकरा जणांनी अनवाणी सामना खेळला आणि एक-शून्य जिंकला. गोल मारला दौलतीदादांनी. त्याच विजयाच्या आनंदात क्लब निघाला. हे दौलतीदादा म्हणजे आबांचे वडील, आणि आबा म्हणजे आमचे अध्यक्ष. कार्ल्याच्या अलीकडे रस्त्याच्या खालच्या अंगाला आबांचं भातशेत होतं. त्यातला एक मोठा तुकडा दौलतीदादांनी क्लबला खेळायला दिलेला, तेच आमचं मैदान. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. आबा साठीच्या उंबरठ्यावर होते, आवाज शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाईल असा, आणि वडिलांच्या गोलाची गोष्ट ते दर वर्षी नारळ फोडताना सांगत. दर वर्षी तो गोल थोडा लांबून मारलेला असे. मला कळायला लागलं तेव्हा तो मैदानाच्या मध्यावर येऊन पोचला होता.

मी महिनाभर जुन्या खेळाडूंच्या घरी हिंडले. एकाने सांगितलं गोल डोक्याने मारला, दुसऱ्याने सांगितलं डाव्या पायाने. एकाच्या मते त्या दिवशी कडक ऊन होतं, दुसऱ्याच्या मते धुकं इतकं की बॉल आत गेलेला साहेबांना पाच मिनिटं कळलंच नाही. खोदून विचारलं तर यातल्या एकानेही तो सामना पाहिलेला नव्हता. खेळलेले सगळे वारले, असंच जो तो सांगे. मी घरी येऊन मोठ्याने वाचून दाखवायची आणि आई भाकरी थापता थापता ऐकायची. एका दिवशी तिचा हात थांबला.

"गोलात कोन हुतं गं?"

मी वही चाळली. दहा नावं होती. अकरावं नव्हतं.

"गोरे काय नुसते उभे ऱ्हायले असतील का? त्यांनी बी मारलेच असतील की चार बॉल. ते अडवले कुनी? मारनाऱ्याचं नाव पोराबाळांना ठावं, आन अडवनाऱ्याचं कुनालाच न्हाई?"

भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना हा प्रश्न इतक्या वर्षांत पडला नव्हता, याची त्यांना लाज वाटलेली मला दिसली. दुसऱ्या दिवशी ते आमच्या सगळ्यांत जुन्या सभासदाकडे, केशवमामांकडे जाऊन आले. केशवमामांनी बराच विचार करून सांगितलं, की आपले वडील एका बुधाचं नाव घ्यायचे. भुशीच्या मागं डोंगरावर ठाकर आदिवासींची वाडी आहे, तिथला. "असला तर लय म्हातारा असंल," ते म्हणाले.

तो होता. पुढच्या रविवारी सामना नव्हता, तेव्हा भाऊ आणि मी निघालो. आज भुशीच्या धरणावर शनिवार-रविवारी गाड्यांची इतकी रांग लागते, की मी त्या दोन दिवसांत भाजी आणायलासुद्धा बाहेर पडत नाही. तेव्हा तिथे बांधावर एखादी म्हैस दिसायची. तिथून पायवाटेने दीड तास चढून आम्ही वाडीत पोचलो. बुधाबाबा अंगणात बांबूच्या कामट्यांची टोपली विणत बसले होते. सत्तरीच्या पुढचे, काटकुळे, हात मात्र अंगाच्या मानाने केवढे तरी मोठे. सुनेने कोरा चहा आणि नाचणीची भाकरी पुढे ठेवली. भाऊंनी विषय काढला.

"बाबा, रेल्वेच्या सायबांसंगं सामना झालता, तवा गोलात तुमीच हुता का?"

"व्हय. मीच हुतो. दुसरं कोन उभं ऱ्हानार तितं?"

"म्हंजे तो आपण जिंकलेला सामना..."

"कुटला जिकलेला?"

"एक-शून्य," मी म्हणाले.

बुधाबाबांनी टोपली बाजूला ठेवली. आधी भाऊंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एक न्हाई बाय. सात." त्यांनी एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन बोटं वर केली. "सात गोल खाल्ले मी. आपला येक बी न्हाई." आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, सून पाणी घेऊन आली, तरी ते हसतच होते. भाऊंच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

मग बुधाबाबांनी सातही गोल उभे राहून करून दाखवले. त्यांना गोलात उभं केलं होतं कारण ते झाडावर चढण्यात पटाईत आणि हात लांब. पण सामन्याआधी दौलतीदादांनी सगळ्यांना मिळून एकच नियम सांगितला होता, की बॉलला हात लावायचा नाही. गोलीला लावता येतो, हे सांगायचं राहून गेलं. "मंग मी हात मागं बांदूनच उबा. डोकं मारतोय, गुडगा मारतोय, छाती मारतोय. चार गेले. हाफटाइमाला बगतोय तर त्यांचा गोली बॉल उराशी धरून हिंडतोय, जनू तान्हं पोर. मी दादाला म्हनलं, आरं त्यो लबाडी करतोय! दादा पंचाकडं गेला, पंचानं समजावलं. मंग मी बी हात लावला. हात लावल्यावर तीनच गेले." हे तीनच ते इतक्या अभिमानाने म्हणाले की मी वहीत त्याच्याखाली रेघ मारली.

"पुढं मंग जिकलो का कदी?" भाऊंनी अगदी काकुळतीने विचारलं.

"पुढल्या वर्सी पाच खाल्ले. मंग तीन. मंग दोन. मंग लय वर्सं येकच. येत चाललं हुतं हाताशी," बुधाबाबा म्हणाले. "पन आमी जिकायच्या आतच त्ये द्येस सोडून गेले."

सामना संपल्यावर काय झालं, क्लब कसा निघाला, तेही त्यांनी सांगितलं, आणि मी ते शब्दाला शब्द उतरवून घेतलं. येताना धरणाजवळ आल्यावर भाऊ फक्त म्हणाले, "सात." थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाले, "हात मागं बांदून."

कमिटीची सभा आमच्याच घरी भरली. आई पोहे करत होती. भाऊंनी सरळ स्वभावाप्रमाणे उभं राहून सांगून टाकलं, की चौकशीअंती सामना सात-शून्य असा हरल्याचं आढळतं. त्यानंतर जो गोंधळ झाला त्यात पुढचं काहीच कोणी ऐकलं नाही. मी वही उघडून बसले होते ती तशीच बसून राहिले. एकजण म्हणाला, सुवर्णमहोत्सवात सात गोल शोभत नाहीत, तीन करा. दुसरा म्हणाला, दोन-दोन लिहा, बरोबरीत कोणालाच वाईट वाटत नाही. तिसऱ्याने सुचवलं, पाऊस आला आणि सामना अर्धवट राहिला असं लिहू. "मार्गशीर्षात पाऊस?" केशवमामांनी विचारलं. मग तालुक्याच्या कचेरीत कामाला असणाऱ्या एका सभासदाने तोड काढली, की 'सामना अत्यंत चुरशीचा झाला' एवढंच लिहावं आणि आकडा घालूच नये. पन्नास वर्षांपूर्वीच्या सामन्याच्या निकालावर हात वर करून मतदान झालेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन-दोनला चार मतं पडली.

मग आबा उठले. "माझ्या बापाचा गोल तुमी पुसनार," ते म्हणाले, आणि आवाज चढलेला नव्हता म्हणूनच सगळे एकदम गप्प झाले. "आन माझ्याच बापाच्या शेतात खेळनार. छापा सात. ज्या दिशी छापाल त्या दिशी मी मैदानात नांगर घालतो." त्यांनी पोह्यांची बशी तशीच ठेवली आणि ते निघून गेले. आमच्या घरातून कोणी न खाता गेल्याचं ते पहिलंच उदाहरण, आणि आईला त्याचं सात गोलांपेक्षा जास्त लागलं.

रविवारी टीम सरावाला गेली तर मैदानाच्या मधोमध नांगर उभा. बैलजोडी शेजारी बांधलेली, शांतपणे गवत खात. आबा बांधावर बसले होते. भाऊंनी विचारलं, "आबा, ह्ये काय?" आबा म्हणाले, "काय न्हाई. नुस्ता आनून ठिवलाय." मुलांनी त्या दिवशी नांगराला वळसे घालूनच सराव केला. आमचा सेंटर फॉरवर्ड पुढे आयुष्यभर सांगायचा, की ड्रिबलिंग तो त्या बैलांपासून शिकला. पण तेव्हा कोणी हसत नव्हतं. शब्दावर मिळालेलं मैदान शब्दावर जाऊ शकतं, हे सगळ्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

भाऊंनी घरी येऊन मला समोर बसवलं. "शकू, छापखान्यात शुक्रवारी द्यायचंय. एक-शून्य लिही."

"पण भाऊ, तुम्हीच तर ऐकलंत."

"ऐकलं."

"मग खोटं लिहायचं?"

भाऊंनी खाटेखालचा एक बॉल पायाने बाहेर ओढला. "मैदान गेलं तर इतिहास कुनाचा लिहायचा, सांग मला."

मी रडायला लागले. वडिलांचा राग आला होता आणि त्याहून जास्त दया आली होती. माणूस इतकी वर्षं शिट्टी वाजवून फाऊल धरतो, आणि स्वतःच्या घरात बसून मुलीला फाऊल करायला सांगतो. त्याचं काय झालं असेल ते मला आज कळतं. तेव्हा मी जेवले नाही. आई माझ्याजवळ येऊन बसली. तिने समजूत घातली नाही, ती तिची पद्धतच नव्हती. म्हणाली, "आबांना सगळं वाचून दावलंस का? का नुस्ता आकडाच सांगितला तुमी लोकांनी?"

नुसता आकडाच सांगितला होता. गोंधळात पुढचं सगळं राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी न जाता वही घेऊन एसटीत बसले आणि कार्ल्याच्या अलीकडे उतरले. आबा खळ्यावर भात झोडत होते. मला बघून त्यांनी पेंढी खाली टाकली. "बापानं धाडलं?"

"नाही. भाऊंना ठाऊक नाही."

"मंग?"

"बुधाबाबांनी सांगितलेलं सगळं तुम्हाला वाचून दाखवायचंय. मग काय म्हणायचं ते म्हणा."

ते भाताच्या ढिगाशेजारी खाली बसले. त्याला होकार समजून मी खळ्याच्या कडेला उभी राहिले आणि वाचायला लागले. बुधाबाबांच्याच शब्दांत लिहिलेलं होतं. दुसऱ्या गोलाच्या वेळी एका साहेबाचा बूट दादाच्या पायावर पडला आणि अंगठा मोडला. तरी दादा शेवटपर्यंत पळत होता. सातव्या गोलानंतर साहेबांनी सगळ्यांना लिंबाचं सरबत देऊ केलं, दादाने घेतलं नाही. परत येताना ओढ्यावर बसले. दादाने पाय पाण्यात सोडला आणि रडला. मग त्याने भाकरीचं फडकं सोडलं, भाकर मोडली आणि अर्धी बुधाच्या हातात दिली. त्या दिवसापर्यंत गावाची भाकर आणि वाडीची भाकर एका फडक्यातून कोणी खाल्ली नव्हती. दादा म्हणाला, बुधा, आपल्याला खेळता येत न्हाई. शिकाया पायजे. आन शिकायला जागा पायजे. आणि दोन दिवसांत दादाने स्वतःच्या शेताचा रस्त्याकडचा तुकडा रिकामा केला. गरवं, उशिरा पिकणारं भात होतं, कुठे कुठे अजून हिरवं होतं, तरी कापलं.

"थांब," आबा म्हणाले.

मी थांबले. त्यांनी डोक्याचा फेटा काढून मांडीवर घेतला होता.

"हिरवं भात कापलेलं मला आठवतंय. मी सात-आठ वर्साचा असंल. माझ्या आज्ज्यानं बापाला हितंच, ह्या खळ्यावर, काठीनं मारला. एवड्या मोठ्या बाप्याला. बाप हूं की चूं न करता उबा. कशापायी मारला ते मला कुनी सांगितलं न्हाई. मी समजलो, कायतरी वंगाळ केलं असंल बापानं." त्यांनी फेट्यावरचा भाताचा कण झटकला. "आन त्याच्या आदी दोन दिस, सामन्याहून आला तवा पाय ह्यो एवडा सुजलेला. मी पळत गेलो. इचारलं, दादा, जिकला का? तर मला उचलून घेतला आन म्हनला, व्हय. येक गोलनं."

मग मला उमगलं, की क्लबचा सगळा इतिहास म्हणजे एका बापाने आपल्या पोराला एकदाच सांगितलेलं एवढं एक वाक्य होतं. बाकी सगळं पोराने मोठं होऊन जपलं होतं.

आबांनी फेट्याच्या टोकाने डोळे पुसले, आणि डोळे पुसून होताच ते पुन्हा आबा झाले. "मंग आता सात लिवनार तू."

"हो."

"सहा लिव. येकाला बुधानं हात लावला असंल, आठवत नसंल त्याला."

"नाही आबा. सातच."

"आन आपला येक बी न्हाई? बग बरं नीट वहीत."

"एकही नाही."

"लय कडक पोरगी हाय सेक्रेटरीची," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "त्यो बुधा चालतो का अजून? वाडीला वाट कुटनं जाते?"

आबा वाडीवर एकटेच गेले. तिथे दोघांचं काय बोलणं झालं ते कोणालाच ठाऊक नाही. येताना त्यांच्या खांद्यावर बुधाबाबांनी विणलेली टोपली होती, एवढं चाळीतल्या सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी नांगर मैदानातून हलला. शुक्रवारी भाऊ छापखान्यात गेले, आणि माझ्या अक्षरातली वही देताना त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचून पाहिली: 'या सामन्यात आपला संघ सात विरुद्ध शून्य गोलांनी पराभूत झाला.' त्याखाली अकरा नावं, आणि त्यातलं पहिलं गोलीचं. ते घरी आले तेव्हा आईने रस्सा केलेला होता. त्या दिवशी सामना नव्हता.

महोत्सवाला नारळ फोडताना आबांनी वडिलांची गोष्ट सांगितली. या वेळी गोल नव्हता, ओढा होता. लोकांना आधी कळेना हसावं की काय करावं. मग आबाच म्हणाले, "हसा की. सात खाल्ले म्हनून तर क्लब काडला. जिकले असते तर घरी गेले असते." तेव्हा सगळं मैदान हसलं. बुधाबाबांना शाल दिली, हार घातला, आणि सुरुवातीची किक मारायला सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि हार गळ्यात तसाच ठेवून चालत जाऊन गोलात उभे राहिले. मग आबांना राहवेना. त्यांनी वहाणा काढल्या, धोतर खोचलं, बॉल पेनल्टीच्या जागेवर ठेवला आणि धावत येऊन मारला. बॉल हळूच गेला, अगदी पाळण्यातल्या मुलाकडे ढकलल्यासारखा. बुधाबाबा वाकले, दोन्ही मोठे हात पुढे केले, आणि बॉल हातांच्या मधून, पायांच्या मधून जाऊन जाळीला टेकला. त्यांनी मागे वळून बघितलं. "आठ," ते म्हणाले. आबांनी त्यांना मिठी मारली ती बराच वेळ सोडली नाही.

आता क्लबचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आणि वर्धापनदिनाला कोणीतरी हमखास टाकतं, की आपण गोऱ्यांना एक-शून्य हरवलं होतं. मी स्मरणिकेच्या त्या पानाचा फोटो काढून खाली टाकते. माझी नात मला म्हणते, "आजी, जिंकू दे ना गं त्यांना." मैदानाच्या दोन बाजूंना आता बंगले झालेत, पण मैदान आहे. आबांनी महोत्सवानंतर तलाठ्याकडे जाऊन ते कागदावर केलं, आणि सही करताना, म्हणे, त्याला सातही गोल समजावून सांगितले.

पण मला महोत्सवापेक्षा त्याच्या पुढचा रविवार जास्त आठवतो. उजाडायचं होतं. भाऊ पंपाने बॉल भरत होते, आई चूल पेटवत होती, मी अंथरुणातच होते. दार वाजलं. एवढ्या सकाळी टीममधलं कोणी यायचं नाही. आमच्या टीममध्ये वेळेवर यायची पद्धत नव्हती. आईने आतूनच विचारलं, "कोन हाय?"

बाहेर कोणीतरी घसा खाकरला. डोंगर उतरून आलेल्या माणसाचा दम लागलेला आवाज आला.

"गोली हाय."